सव्वादोनचा चुडा

किण्ण.

पहाटेच्या अंधारात पुढच्या खोलीतून तेवढाच आवाज आला आणि घर पुन्हा गप्प झालं. कुशीतल्या लेकीचं, यूसराचं, डोकं हळूच उशीवर सरकवून आरजू उठली. बांगड्यांच्या घरात सून होऊन आल्यापासून तिचे कान तयार झाले होते. बांगडी खोक्यातून घरंगळून पडली की कशी वाजते आणि हातात चढता चढता पिचली की कशी, हे तिला झोपेतही कळायचं. हा आवाज त्यातला दुसरा होता.

पुढच्या खोलीतच दुकान. तख्तावर तिची सासू लतीफाबी बसली होती, गुडघ्यापाशी दोरीत ओवलेल्या हिरव्या बांगड्या. उजव्या हातानं ती स्वतःचाच डावा पंजा दाबून बघत होती. ओट्यावर काचेचे दोन तुकडे.

"वाढली," ती म्हणाली. बांगडी फुटली असं या घरात कोणी म्हणत नाही.

"अम्मी, इतक्या सकायी काय करून राह्यल्या तुमी?"

"हाताले इचारून राह्यली. हात नाई म्हनते."

आरजूनं तिचे हात आपल्या हातात घेतले. सांध्यांपाशी फुगलेली, थंडीनं लाकडासारखी ताठ झालेली बोटं. मूठ मिटत नव्हती. दुकानाच्या पायरीवर ऊन उतरेपर्यंत ती आता मिटणारही नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं.

रिसोडात लतीफाबीचं नाव मोठं. आजूबाजूच्या खेड्यांतल्या नवऱ्या जीपमध्ये बसून तिच्याकडे चुडा भरायला यायच्या. बांगडी जितकी लहान घेराची आणि जितकी मनगटाला बिलगून बसणारी, तितका हात देखणा दिसतो. पण लहान बांगडी पंजावरून पार करणं म्हणजे कसब. अडीच मापाची कोणीही भरेल, सव्वादोनची भरावी लतीफाबीनं. नवरीचा पंजा हातात घ्यायचा, तिला नवऱ्याचं नाव विचारायचं. नवरी लाजून हात ढिला सोडते, तेवढ्यात बांगडी आत.

आणि आता भागिरथाबाईच्या नातीचं, सपनाचं लग्न ठरलं होतं. चैत्र संपता संपता. भागिरथाबाई मागच्या गल्लीत राहायची. लतीफाबी या घरात नवी सून म्हणून आली तेव्हा तिच्या सासूला ताप चढला, आणि दारात भागिरथाबाई नवरी म्हणून बसलेली. लतीफाबीनं भरलेला तो पहिला हात. नंतर त्या घरातल्या दोन्ही लेकींचे आणि सुनेचे हातही तिनंच भरले. सपना वाशीमला बँकेत नोकरी करायची, पण तिनं येऊन सांगून ठेवलं होतं, "लतीफाआजी, सव्वादोनचा चुडा, काचेचा, आन तुमच्याच हातचा. नाईतर मी नुसती घड्याळ घालून लग्नाले उभी राहतो."

लतीफाबी तेव्हा हसली होती. सपना गेल्यावर मात्र तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. तेवढं आरजूनं पाहिलं.

दुसरं कोणी हा चुडा भरेल अशी सोय नव्हती. आरजूचा नवरा तौकीर जत्रांच्या मागे. पोहरादेवीला गेला की गर्दी ओसरल्याशिवाय परतत नसे, आणि त्याला बांगड्या विकता येत, भरता येत नसत. आरजू स्वतः कारंज्याच्या सायकलवाल्याची मुलगी. डोळे मिटून पंक्चर काढील, पण तिच्याकडून एकदा बांगड्या भरून घेतलेली बाई दुसऱ्यांदा येताना "अम्मी हायेत का" असं पायरीवरूनच विचारायची.

त्यात महिनाभरापूर्वी हळदीचं प्रकरण झालेलं. मोबाईलवर कोणीतरी सांगितलं की हळदीपुढे कसलीही सूज टिकत नाही. लतीफाबीनं चांगली हळकुंडं आणली, दळली, तिळाच्या तेलात कालवून दहाही बोटांना लेप लावला आणि वरून चिंध्या बांधल्या. पोटातूनही जायला हवी म्हणून दुधात हळद. नुसती हळद कडू लागते म्हणून त्यात गुळाचा खडा, आणि तो खडा म्हणजे चांगलं ढेकूळ. अशात शिरपूरची एक नवरी आली. लतीफाबीनं चिंध्या सोडल्या, हात साबणानं धुतले, राखेनं घासले आणि भरायला बसली. भरून झाल्या तेव्हा नवरीचे दोन्ही पंजे मनगटापर्यंत पिवळे.

"ओ बाई," नवरीची मावशी म्हणाली, "हयद परवा हाय आमची. तुमी आजच लावून देली?"

"शगुन समजा," लतीफाबी म्हणाली.

"शगुन समजू, पन पह्यली हयद आमच्यात मामी लावते. तिचा मान तुमी खाल्ला ना."

मामी शेजारीच बसलेली. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. चहा आला, खारी आली, पण ते तोंड काही सरळ झालं नाही. मंडळी गेल्यावर सासू-सुना पोट धरून हसल्या. हसता हसता लतीफाबी मध्येच थांबली.

"शेवटची बांगडी अडकली व्हती. पोरीनं व्हट चावला आरजू. म्या पाह्यलं."

त्या दिवसापासून तिनं गिऱ्हाइकाच्या हाताला हात लावला नव्हता. मेडिकलमधून मनानंच दुखण्याची गोळी आणायची, ती गिळायची, आणि पहाटे कोणी उठायच्या आत स्वतःच्या हाताला विचारून बघायचं, असं चाललं होतं.

ओट्यावरचे तुकडे आरजूनं कागदात गोळा केले. "आज दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली. लतीफाबी नाही म्हणाली नाही, तेव्हाच आरजूला कळलं की दुखणं किती आहे.

गावात नवा दवाखाना टाकलेली डॉक्टरीण आरजूच्याच वयाची होती. तिनं आधी हात बघितलेच नाहीत. म्हणाली, "सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा."

"काय करीन? बसतो."

"कुठे?"

"तख्तावर."

"आणि मग?"

"मंग बसूनच राह्यतो. उठलो तर गिऱ्हाईक कोन पाह्यन?"

"चहा किती होतो?"

"एक सकायचा."

आरजू खोकली.

"आन एक दुपारचा. बाकी सारा गिऱ्हाइकाचा."

"म्हणजे गिऱ्हाईक पितं?"

"त्याच्या संगं मी पेतो. पाव्हन्याले एकट्याले च्या पाजाव का? आमच्या धंद्यात ते वाईट दिसते."

"आणि खारी?"

"ते च्याच्या संगं असते. येगळी नाई धरत."

मग जेवणानंतरचं तंबाखूचं पान निघालं, रात्री डोळे चुरचुरेपर्यंत बघायचा मोबाईल निघाला, फजरच्या नमाजाला उठायचं म्हणून तुटणारी झोप निघाली. डॉक्टरणीनं बोटं एकेक करून दाबली, रक्त घेतलं, दुसऱ्या दिवशी बोलावलं. दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं की संधिवाताचा जो मोठा आजार असतो तो नाही. साखर काठावर आहे. आणि अंगात एक बारीक सूज सतत धुमसते आहे, नुसती बोटांत नाही.

"धुमसते म्हंजे?" लतीफाबीनं विचारलं. आरजूच्या मांडीवर यूसरा होती, तिनंही मान वर केली.

"बोट कापलं तर लाल होतं, फुगतं आणि चार दिवसांत बसतं की नाही? ती सूज कामाची. अंगाचे राखणदार धावून आलेले असतात. चोराला हाकलतात आणि घरी जातात. पण अंगाला रोजच काही ना काही खुपत राहिलं, म्हणजे साखर, तळण, तंबाखू, अपुरी झोप, दिवसभर एका जागी बसणं, तर ते राखणदार घरी जातच नाहीत. काठ्या आपटत फिरतात. चोर सापडला नाही की घरच्याच भांड्यांवर काठी बसते."

लतीफाबीनं आपल्या बोटांकडे बघितलं. "मंग त्याइले रोज बसवून च्या-खारी कोन देऊन राह्यलं?"

"तुम्हीच."

मग लतीफाबीनं हळदीचं विचारलं. हळद भाजीत घाला, डॉक्टरीण म्हणाली, गुळाच्या ढेकळाबरोबर नको. मनानं आणलेली गोळी बंद, लागली तर मला विचारून. रोज थोडं चालायचं. आणि महिने लागतील. पूर्ण जाईलच असं मी म्हणत नाही, पण कमी होईल.

"चैत्रापर्यंत?"

"लागा तर कामाला."

ऑटोत बसल्यावर लतीफाबी म्हणाली, "पोरगी हुशार हाय. पन बांगड्या प्लास्टिकच्या घातल्या व्हत्या."

चहाचं आरजूनं त्याच दिवशी मार्गी लावलं. पाहुण्यांना एकटं प्यायला लावायचं नाही ना, मग तोच कप, तीच बशी, पण लतीफाबीच्या कपात बिनसाखरेचा कोरा चहा, नाहीतर जिऱ्याचं पाणी. बघणाऱ्याला फरक कळायचा नाही. पिणारीला कळायचा. ती पहिल्या घोटाला असं तोंड करायची की गिऱ्हाईक विचारायचं, "भाजलं का खाला?"

खारीचं काही लवकर जमलं नाही. एकदा एका बाईला दाखवायला आरजूनं अडीचचं खोकं उघडलं तर बांगड्यांच्या खाली खारीचे पापुद्रे.

"हे कोनतं डिझाईन?" बाईनं विचारलं.

"जुनं हाय," लतीफाबी तख्तावरून म्हणाली, "बंद झालं."

ते खरंच त्या दिवशी बंद झालं. ताटात ज्वारीची भाकर आली, अंबाडी आली, शेवग्याच्या शेंगा आल्या. जवसाची चटणी तर लतीफाबीच्या आवडीचीच, ती नुसती आठवण करून दिल्यासारखी पुन्हा रोज होऊ लागली. रात्रीचं जेवण लवकर. मोबाईल आरजूकडे. पान सुटायला फार त्रास झाला. बडीशेप चघळताना ती दाराबाहेर बघत बसायची, आणि तेव्हा तिच्याशी बोलायला जायचं नाही हे यूसरालाही कळलं होतं.

खरा अडला तो चालण्याचा प्रश्न.

"कामाशिवाय रस्त्यानं फिरू? लोकाइले काय वाटन? म्हनतीन, लतीफाचं घरात पटत नाई."

आरजूनं माळ्याकडे बघितलं. तिथं वेताची एक टोपली पालथी पडलेली होती. लतीफाबीची सासू ती काखेत घेऊन दारोदार बांगड्या विकायची. दुकान झालं आणि टोपली वर गेली.

"फेरी करा ना अम्मी," आरजू म्हणाली. "थोड्याच घ्या. संध्याकायची एक चक्कर."

लतीफाबीनं टोपली खाली काढायला लावली. फुंकर मारली, पदरानं पुसली, मग काखेत धरून बघितली. आरशात नाही, नुसती धरून. त्या संध्याकाळी यूसराचं बोट धरून ती निघाली आणि मगरीबच्या अजानला परत आली ती गालावर चकाकी घेऊन. टोपली जवळजवळ रिकामी होती.

"पाय कसे हलके झाले म्हनून सांगू. साऱ्या गल्ल्या फिरलो. लोकं तर असे खुश, कोनी दारातून जाऊच देई ना."

"बरं झालं अम्मी."

"मास्तरीनबाईकडे च्या पेला," यूसरा चप्पल काढता काढता सांगू लागली, "मंग कोपऱ्यावरच्या खालाकडे च्या पेला, मंग हिरव्या दारवाल्याइकडे च्या पेला, मंग सपनाताईकडे च्या आन शिरा."

आरजू कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"उद्यापासून," लतीफाबी शांतपणे म्हणाली, "पोरीले घरी ठेवत जा."

फेरीवाली दारात आली आणि तिला चहा न देता पाठवली, असं या गावात होत नाही. लतीफाबीला नाही म्हणता येत नव्हतं, कारण त्या बायकांनी तिच्या दुकानात कधी चहा नाकारला असता तर तिलाही राग आला असता. आरजूनं हे भागिरथाबाईपाशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भागिरथाबाई चप्पल घालून दुकानाच्या पायरीवर हजर.

"चाल वं. मी येतो संगं. दारातूनच सांगतो, लतीफाले पानी द्या, च्या मले द्या."

"तुले काहून?"

"मले कुठं सूज हाय?"

तिनं तसंच केलं. पुढे भागिरथाबाई, मागे टोपली घेऊन लतीफाबी, आणि कधीकधी मध्ये यूसरा. घराघरांत आधी हसणं झालं, मग सवय झाली. पाण्याचा तांब्या आपोआप पुढे येऊ लागला. एकटीनं चहा पिण्यात मजा वाटेना म्हणून हळूहळू भागिरथाबाईचाही कप सुटला. एका संध्याकाळी तीच आरजूला म्हणाली की तिचे गुडघे जिन्यावर पूर्वीइतकी कुरकुर करत नाहीत, पण हे लतीफाला सांगू नको, डोक्यावर बसन.

दुपारी दुकानात वर्दळ नसली की शिकवणी चालायची. लतीफाबी आरजूच्या हातात बांगडी भरायची, मग आरजूनं सासूच्या हातात भरायची. "अंगठ्याले दाबू नको. त्याले समजाव. पंजा म्हंजे काई टायर नाई." किती तरी बांगड्या वाढल्या. यूसरा तुकड्यांची रांगोळी करायची, आणि मध्येच येऊन दादीच्या मुठीला कान लावायची.

"झोपले का राखनदार?"

"नाई अजून. एकजन काठी आपटून राह्यला."

रमजान आला. इफ्तारच्या भज्यांवरून घरात थोडं युद्ध झालं. जत्रेहून परतलेला तौकीर आईच्या बाजूनं उभा राहिला, कारण त्याला स्वतःला भजी हवी होती. शेवटी तह झाला. खजूर, फळं, भिजवलेले हरभरे, आणि शुक्रवारी भजी. सगळ्यांनाच शुक्रवारची वाट बघायची सवय लागली.

आणि एके दिवशी, ईद होऊन गेल्यावर, आरजूच्या ध्यानात आलं. पूर्वी पायरीवर ऊन उतरल्यावर सासूची मूठ मिटायची. आता दूधवाला येतो तेव्हाच तिनं पातेलं दोन्ही हातांनी उचललं होतं. आरजूनं पटकन डोळे दुसरीकडे वळवले. नजर लागेल अशी तिला उगीच भीती वाटली. डाव्या हाताची करंगळी तेवढी अजून अडून बसलेली होती.

सपनाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी भागिरथाबाईच्या अंगणात मांडव पडला होता. पुण्याहून आलेल्या, वऱ्हाडातल्या, गल्लीतल्या बायका सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या. मध्ये सपना, समोर लतीफाबी, शेजारी आरजू. टोपलीत हिरव्या काचेचा सव्वादोनचा चुडा.

"मावशी, हातावर प्लास्टिकची पिशवी घाला ना," पुण्याची एक वहिनी म्हणाली. "सरकन जातात."

"पिशवी बाजाराले नेत जा," भागिरथाबाई म्हणाली.

लतीफाबीनं सपनाचा पंजा हातात घेतला. पहिली बांगडी बोटांवरून खाली आली, अंगठ्याच्या मुळाशी येऊन थांबली. आरजूला दिसलं, सासूची करंगळी वळत नव्हती, पंजा पुरता मिटत नव्हता. बायकांची बडबड कमी झाली. लतीफाबीच्या कपाळावर घाम आला. सगळा हिवाळा, सगळी भाकर, सगळा कोरा चहा त्या एका बांगडीपाशी येऊन अडकल्यासारखा झाला.

"आरजू," ती हळूच म्हणाली, "इथं धर. करंगयीच्या जागी तू."

आरजूनं आपली दोन बोटं सासूच्या करंगळीशेजारी ठेवली. दाबलं नाही. समजावलं.

"काय वं सपना," लतीफाबीनं वर बघितलं, "नवऱ्याचं नाव काय म्हनलं तू?"

"आजी, तुमाले माहीत हाय ना."

"मी म्हातारी झाली. इसरतो."

"धम्मरत्न," सपना म्हणाली, आणि तिची मान खाली गेली, खांदा सैल पडला, आणि बांगडी मनगटावर बसली. तिनं ओठ चावला नाही. आरजू तेवढंच बघत होती.

मग दुसरी, तिसरी. उजवा हात झाला, डावा झाला. लतीफाबी पूर्वीपेक्षा हळू होती, मध्ये दोनदा थांबली, बोटं उघडून मिटून घेतली, पण आरजूची बोटं तिनं पहिल्या दोन बांगड्यांनंतर सोडून दिली होती. शेवटची बांगडी आत गेली तेव्हा सपनानं दोन्ही हात हलवून वाजवले.

भागिरथाबाईनं नातीचे पंजे उलटसुलट करून बघितले. "थांबा. हयद तर नाई ना लागली कुठं?"

शिरपूरचं प्रकरण गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. पुण्याच्या वहिनीला कळेना की एवढं हसायला काय झालं.

चहाचा ट्रे आला. लतीफाबीसमोर येऊन तो थोडा अडखळला. तिनं भागिरथाबाईकडे बघितलं.

"घे आज," भागिरथाबाई म्हणाली. "डॉक्टरीनबाईले मी सांगतो."

"अर्धा दे. अर्धा तू पे."

परतताना ऊन कलंडलं होतं. रिकामी टोपली लतीफाबीच्या काखेत. यूसरानं एका हातानं आईचं बोट धरलेलं, दुसऱ्या हातानं दादीची तीच अडलेली करंगळी. वळणावर तिनं थांबून दादीच्या मुठीला कान लावला, बराच वेळ.

"मम्मी, आता काठी वाजत नाई. राखनदार गेले का?"

"गेले," आरजू म्हणाली. "एखादा असन बसलेला. बाकी गेले घरी."

यूसरानं दादीचा हात उलटा करून पाहिला, मग आपला स्वतःचा.

"पन मम्मी, ते तर दादीच्या आतच राह्यत व्हते ना? मंग त्याइचं घर कुठं हाय?"